वाचकांचे प्रश्न : संथ गाणं, पळती लय

प्रश्न : गिटारवर जी, सी, डी आणि ई मायनर या कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरसमूह) मला नीट येतात, जलद गाणीही जमतात. पण ६८ च्या (मिनिटाला ६८ ठोके) लयीतलं एक संथ कंट्री-रॉक गाणं बसवायला घेतलंय, तर लय पळते आणि वाजवणं पोकळ वाटतं. कॉर्ड बरोबर असूनही असं का?

उत्तर : या लयीत दोन ठोक्यांमध्ये जवळपास ०.९ सेकंदाचं अंतर असतं. तेवढ्यात उजवा हात थांबला की पुढचा ठोका अंदाजाने पडतो, आणि अंदाज बहुधा घाईचाच निघतो. म्हणून हात थांबवायचाच नाही. मेट्रोनोम, म्हणजे ठरल्या वेगाने टिकटिक करणारं यंत्र, १३६ वर लावा, ‘एक-आणि-दोन-आणि’ मोजा. आकड्यावर हात खाली, ‘आणि’वर वर, पिक (तारा छेडायची चकती) तारांना लागो वा न लागो. हे अंगात मुरलं की ६८ वर या. पुढे मेट्रोनोम ३४ पर्यंत उतरत असेल तर टिकटिक फक्त दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर धरा. ड्रमसंचातल्या स्नेअरचा कडक ठोका तिथेच पडतो.

पोकळपणा वेगळ्या कारणाने येतो : चारही ठोक्यांवर सहाही तारा झोडल्या जातात. त्याऐवजी पहिल्या आणि तिसऱ्या ठोक्यावर एकच बास (जाड, खर्जाची) तार छेडा. दुसऱ्या-चौथ्यावर फक्त खालच्या तीन पातळ तारा. सर्वांत पातळ तार पहिली, सर्वांत जाड सहावी; फ्रेट म्हणजे गिटारच्या दांड्यावरची आडवी पट्टी. जीसाठी सहाव्या तारेचा तिसरा फ्रेट, मग मोकळी चौथी. सीसाठी पाचवीचा तिसरा फ्रेट, मग चौथीचा दुसरा. डीसाठी मोकळी चौथी, मग मोकळी पाचवी. ई मायनरसाठी मोकळी सहावी, मग चौथीचा दुसरा फ्रेट.

आता खरी गंमत, म्हणजे जीवरून सीवर चालत जाणारा बास. जीच्या शेवटच्या मापात (चार ठोक्यांच्या आवर्तनात) तिसऱ्या ठोक्यावर मोकळी पाचवी तार, चौथ्यावर तिचाच दुसरा फ्रेट, आणि पुढच्या मापाच्या पहिल्या ठोक्यावर तिसरा फ्रेट. तिथे सी आलीच. जीच्या मापातल्या या दोन ठोक्यांत स्ट्रमिंग, म्हणजे तारा एकत्र झोडणं, नाही. इथे बहुतेकांचा हात अडखळतो तो जीच्या बोटांमुळे. अनामिका सहाव्या तारेवर, मधलं बोट पाचवीवर आणि करंगळी पहिलीवर ठेवून जी धरा. मग मधलं बोट उचललं की मोकळी पाचवी, परत टेकवलं की दुसरा फ्रेट. सीवर जाताना अनामिका आणि मधलं बोट जोडीने एकेक तार पुढे सरकतात, तर्जनी दुसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर बसते. तर्जनी-मधल्या बोटाने जी धरायची सवय असेल तर ती मोडाच.

प्रश्न : लीडमध्ये (एकेका सुराने धून वाजवताना) पेडल स्टीलसारखा, म्हणजे कंट्री संगीतातल्या आडव्या, पेडलवाल्या गिटारसारखा, ओढलेला सूर कसा काढायचा?

उत्तर : साथीला सी कॉर्ड असताना करंगळी दुसऱ्या तारेच्या आठव्या फ्रेटवर घट्ट ठेवा. अनामिकेने तिसरी तार सातव्या फ्रेटवर चौथ्या तारेच्या दिशेने ढकला. मधल्या बोटाचा मागून आधार द्या. सूर नवव्या फ्रेटच्या सुराला मिळाला पाहिजे, म्हणून आधी नववा फ्रेट वाजवून कानात धरा. दोन्ही तारा एकत्र वाजू द्या, आणि ढकलायला अख्खा एक ठोका घ्या; झटका दिला तर ते ब्लूज शैलीचं वाटतं. करंगळीही सोबत सरकली तर दुसरी तार चढते आणि सगळं बेसूर लागतं. तरंगत्या ब्रिजच्या (तारा जिथे अडकवतात तो भाग स्प्रिंगवर हलता असलेल्या) गिटारवर उलट होतं : एक तार ताणली की बाकीच्या उतरतात. अकूस्टिकवर (विजेशिवाय वाजणाऱ्या गिटारवर) तिसरी तार सहसा वरून बारीक तार गुंडाळलेली, म्हणून जाड असते; पूर्ण सूर ओढणं कठीण. तिथे सातव्यावरून नवव्यावर सरळ सरकून जा.

प्रश्न : गाणं जीमध्ये आहे, गाताना तीन अर्धसुरांनी उंच पडतं. कॅपो कुठे लावू?

उत्तर : कॅपोने (एका फ्रेटवर सगळ्या तारा दाबणाऱ्या चिमट्याने) पट्टी चढते, उतरत नाही. जी, सी, डीऐवजी डी, जी, ए या आकारांत वाजवा आणि कॅपो दुसऱ्या फ्रेटवर लावा. पट्टी ई होईल, म्हणजे जीपेक्षा तीन अर्धसुरांनी खाली. कॅपो फ्रेटच्या अगदी मागे बसवा आणि लावल्यावर तारा पुन्हा जुळवून घ्या. दाबामुळे त्या किंचित चढतात.