‘नाही’ म्हणणारा शोध

प्रिय पोरी,

तुझं पत्र रात्री दोनदा वाचलं, सकाळी पुन्हा एकदा. सोबतचा तक्ताही बघितला. तुझ्या क्रूझच्या वाटेवरची स्कूबा डाइव्हिंगची दुकानं: रोआतानची चार, बेलीझची तीन, कोझुमेलची नऊ. प्रत्येकापुढे तारे, भाव, होडीत माणसं किती, फोटो फुकट की वेगळे पैसे. एवढा खटाटोप करून शेवटी लिहितेस, “काका, सगळेच चांगले वाटतात, आता मी काय करू?”

बाय माझ्या, सगळे चांगले वाटणारच. तू विचारलेल्या प्रत्येकाने तुला ‘हो’ म्हटलंय. जहाज उशिरा लागलं तर? चालेल. सहाच डाइव्ह झालेत? चालेल. चौदा महिने पाण्यात उतरले नाही? काही हरकत नाही. तुझ्या तक्त्यात एकच रकाना नाही, कोण ‘नाही’ म्हणाला त्याचा. बाकीचे रकाने खोडलेस तरी चालतील, हा आधी घाल.

मी सतरा वर्षं क्रूझ जहाजांच्या इंजिन रूममध्ये काढली. वायपर, मग मोटरमन, शेवटी फिटर. त्यातली नऊ वर्षं कॅरिबियनमध्ये गेली, आणि शोअर लीव्ह, म्हणजे बंदरात उतरायची सुट्टी, मिळाली की मी पाण्यात असायचो. तुला दुकानांची नावं मी देणार नाही. माझ्या वेळची माणसं आता तिथे आहेत की नाहीत कोण जाणे. माणूस कसा ओळखायचा तेवढं सांगतो.

आधी जहाजाच्या सहलीचं बोलू, कारण त्याबद्दल तू जरा नाक मुरडून लिहिलंयस. महाग असते, होडीत गर्दी असते, चार नवखे सोबत आले की सगळ्यांचा वेग त्यांचा होतो, हे सगळं खरं. पण जहाजाच्या सहलीची होडी उशिरा आली तर जहाज थांबतं. बाहेरच्या दुकानाबरोबर गेलीस तर थांबत नाही, आणि धक्क्यावर उभं राहून पाठमोरं जहाज बघणारी माणसं मी वरच्या डेकवरून बघितली आहेत. शिवाय जहाजाच्या टूर डेस्कवर डाइव्हिंग शिकल्याचं कार्ड मागतात, फॉर्म भरून घेतात, शेवटचा डाइव्ह कधी झाला ते विचारतात. ती कटकट नव्हे. तो ‘नाही’ म्हणण्याचा पहिला उंबरठा आहे.

म्हणून बेलीझला जहाजाचीच सहल घे, यावर घोळ घालू नकोस. तिथे मोठी जहाजं लांब समुद्रात नांगर टाकतात, टेंडर बोटीने किनाऱ्यावर जायचं, परतताना पुन्हा तीच रांग. घड्याळ तुझ्या हातात राहत नाही. आणि त्या तिघांपैकी एकाने तुला ब्लू होल ‘जमवून देतो’ असं लिहिलंय, त्याला आजच काट मार. समुद्रातलं ते खोल भोक बेलीझ सिटीपासून सुमारे ७० किलोमीटर लांब, लाइटहाउस रीफ या प्रवाळाच्या मधोमध आहे. तिथले दगडी झुंबर बघायला लोक ४० मीटरपर्यंत उतरतात. तुझं कार्ड १८ मीटर खोलीपर्यंतचं. जहाजाच्या मोजक्या तासांत, तुझ्या सहा डाइव्हच्या बळावर, हे कुणी जमवून देत असेल तर तो तुला काय काय जमवून देईल याचा विचार कर.

रोआतानला बाहेरच्या दुकानाबरोबर जायला माझी हरकत नाही. प्रवाळ किनाऱ्याच्या अगदी जवळ आहे, होडीचा प्रवास थोडा. तिथलं फार सांगत बसत नाही.

खरं सांगायचंय ते कोझुमेलचं. तुझी सगळी हौस तिथलीच आहे हे तक्त्यावरूनच कळतं.

तिथे प्रवाहाबरोबर वाहत जायचं असतं. होडी नांगर टाकत नाही, वरून तुमच्या बुडबुड्यांमागे येत राहते. पाणी इतकं निवळ की फसवतं. आपल्या तारकर्लीला खाली गेलं की पाणी गढूळ होतं, अंगाला खोली कळते. कोझुमेलला सांता रोसा या पाण्याखालच्या कड्याशी तू ३० मीटरवर असशील आणि वर बघितलंस तर होडीचा तळ दिसेल. वाटतं, हे काय, इथेच तर आहोत. म्हणून तिथे गाइड अडवणारा हवा. डेव्हिल्स थ्रोट नावाची एक कपार आहे, तिच्यातून बाहेर पडेपर्यंत माणूस ४० मीटरच्या आसपास जातो. तू तिच्याबद्दल विचारलंस तर तीन दुकानांनी लिहिलं, “बघू, प्रवाहावर अवलंबून आहे.” एकाने लिहिलं, “तुमच्या कार्डावर नाही. पालांकार गार्डन्सला नेऊ.” तुझ्या तक्त्यात या दुकानाला सगळ्यात कमी तारे आहेत. पोरी, तुझं उत्तर तुझ्याच तक्त्यात पडलंय आणि तू मला पत्र लिहितेस!

ते तारे कमी का, ते उघडून वाचलंस का? मी काल वाचलं. एकजण लिहितो, वारा होता म्हणून डाइव्ह रद्द केला, सुट्टी वाया गेली. दुसरी लिहिते, कार्ड घरी राहिलं तर होडीत घेतलं नाही. तिसऱ्याला दुसऱ्या डाइव्हला बसवून ठेवलं कारण पहिल्यात त्याला तरंगणं सांभाळता येत नव्हतं. चिडलेली माणसं एक तारा देऊन गेली आहेत. मला विचारशील तर या तिघांनी त्या दुकानाची हमी लिहून दिली आहे. पाच तारेवाले काय लिहितात? कासव दिसलं, गाइड हसतमुख होता. कासव कुणालाही दिसतं.

वाऱ्याचंही सांगून ठेवतो. तू डिसेंबरात जातेस. त्या दिवसांत उत्तरेचा वारा सुटतो, त्याला तिथे ‘नोर्ते’ म्हणतात. बंदर अधिकारी छोट्या होड्यांना बंदर बंद करतात, कधी जहाजच लागत नाही. जहाज लागलं नाही तर पैसे पूर्ण परत की नाही, हे आधी लिहून घे. माझ्या लहानपणी आमच्या वाडीतला म्हातारा तांडेल पहाटे किनाऱ्यावर यायचा, वारा बघायचा, “आज जावचा नाय” एवढं म्हणून परत फिरायचा. घरात चूल पेटायची पंचाईत असली तरी कुणी त्याच्याशी वाद घालत नसे. मी मात्र परदेशात जाऊन ते विसरलो.

२००८ ची गोष्ट. तुझ्या बाबांना अर्धीच ठाऊक आहे. माझा केबिनमेट रत्नागिरीकडचा होता, चोवीस वर्षांचा, नवीन कार्ड, तुझ्यासारखंच १८ मीटरचं. कोझुमेलला आम्हाला पाच तास मिळाले होते. एका गल्लीतल्या दुकानात गेलो आणि मी दुकानदाराला विचारलं, “हा चांगला पोहतो, काही अडचण नाही ना?” हा प्रश्न नीट वाच. मी त्याला उत्तर हातात देऊनच विचारलं होतं. मला ‘हो’ ऐकायचं होतं, त्याने ते दिलं.

कड्यावर माझ्या मनगटावरच्या डाइव्ह कॉम्प्युटरवर ३४ मीटर दिसत होते तेव्हा पोराने माझा दंड धरला आणि आपला हवेचा गेज माझ्या मास्कसमोर आणला. सुई ५०० पीएसआयच्या खाली, लाल पट्ट्यात. गाइड पुढे निघून गेलेला. मी त्याला माझा ऑक्टोपस, म्हणजे श्वास घ्यायचं जादा तोंड, दिला आणि आम्ही वर आलो. जितकं सावकाश यायला हवं तितकं आलो नाही. ५ मीटरवर तीन मिनिटं थांबायचं, तेही थांबलो नाही, कारण दोघांना पुरेल एवढी हवा माझ्याकडे उरली नव्हती. होडीवर ऑक्सिजनची हिरवी पेटी होती. उघडली, सिलिंडरची सुई शून्यावर. होडीवाल्याने आमच्या हातात टरबुजाची एकेक फोड दिली.

धक्क्यावर पोराचा खांदा दुखायला लागला. मी म्हटलं, सिलिंडर उचलताना भरला असेल. घाईने वर आल्यावर होणाऱ्या या दुखण्यावर दाबाखाली ऑक्सिजन देतात, ते चेंबर त्याच गावात होतं, आणि आम्ही ते गाव सोडून जहाजावर चढलो, कारण शोअर लीव्ह बंद होईल याची भीती. रात्री अकराला तो लघवीला गेला आणि त्याला होईना. मग पाय बधिर. जहाज तोवर भर समुद्रात. डॉक्टरांनी रात्रभर ऑक्सिजन लावला, चेंबर मिळालं दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बंदरात. त्याचं मेडिकल साइन-ऑफ झालं, म्हणजे आजारी म्हणून घरी पाठवलं. आज त्याचं गावी किराणा दुकान आहे. डावा पाय ओढत चालतो. मला एका शब्दाने कधी बोलला नाही.

त्यानंतर मी जो हट्टी झालो, तो तसाच आहे. तुझे बाबा तुला सांगत असतील, काका घाबरट झाला. त्यांच्या मनात २०१३ चं रोआतान आहे. आम्ही पाचजण, पैसे भरलेले, होडी तयार. मी दुकानामागे गेलो तर सिलिंडर भरणाऱ्या कॉम्प्रेसरची हवा ओढणारी नळी चालू डिझेल जनरेटरपासून दोन हातांवर. माझी हयात इंजिनांत गेली, मला हे दाखवायला कुणी लागत नाही. जनरेटरचा धूर त्या नळीतून सिलिंडरमध्ये जातो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास नसतो, आणि ३० मीटरवर दाब चौपट, म्हणजे विषाचा जोरही चौपट. मी सांगितलं, दुसरे सिलिंडर द्या. दुकानदार म्हणाला, रोज असेच भरतो, कुणाला काही झालं नाही. मी सामान उचलून चालायला लागलो. बाकीचे चौघे गेले, कासवाचे फोटो घेऊन सुखरूप आले, आणि पुढचे सहा महिने मेसमध्ये माझी रेवडी उडवली. तुझे बाबा त्या चौघांतले. ते सुखरूप आले याचा मला आनंदच आहे. पण म्हणून मी चुकलो हे मी आजही मानत नाही, आणि पुन्हा तसा प्रसंग आला तर पुन्हा सामान उचलीन. त्यांना हे पत्र खुशाल दाखव.

आता काम. तुझ्या यादीतल्या सगळ्यांना नव्याने लिही. “चालेल ना?” हे शब्द कुठेही नकोत. खरं आहे ते मांड: सहा डाइव्ह, शेवटचा चौदा महिन्यांपूर्वी, १८ मीटरचं कार्ड. मग विचार, मला कुठे नेणार आणि कुठे नेणार नाही? एका गाइडमागे किती माणसं? माझी हवा आधी संपली तर मी एकटी वर येणार की कुणी सोबत येणार, आणि होडीला ते कळणार कसं? जो आधी उजळणीचा डाइव्ह कर म्हणेल, तो यादीत ठेव.

जहाजाचं नाव न विचारता वेळ देतो, तोही काट. कोझुमेलचं राज्य, मेक्सिकोतलं किंताना रो, २०१५ पासून बारा महिने एकाच वेळेवर चालतं. डिसेंबरात तिथे सकाळचे ९ वाजतात तेव्हा तुझं जहाज सुटतं त्या टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टनला ८ वाजलेले असतात, आणि काही जहाजं आपलं घड्याळ बदलतच नाहीत. जाणकार दुकानदार आधी विचारतो, जहाज कोणतं, आणि सरळ सांगतो की आमच्या सकाळच्या होडीला तुम्ही पोचणार नाही. हाही ‘नाही’ लिहून ठेव. तुझ्या मनगटावर जहाजाचीच वेळ असू दे.

होडीवर गेलीस की ऑक्सिजनची पेटी उघडून सुई दाखवायला सांग. लाजू नकोस. स्वतःच्या रेग्युलेटरमधून, म्हणजे तोंडात धरायच्या त्या यंत्रातून, चार श्वास घे, नजर गेजवर ठेव. श्वासागणिक सुई खाली झुकून परत येत असेल तर व्हॉल्व्ह पुरता उघडलेला नाही. हवेला तेलाचा वास आला तर तो सिलिंडर घ्यायचा नाही. कोझुमेलच्या सागरी उद्यानात हातमोजे आणि सुरी न्यायला बंदी आहे. गाइडने तुझे हातमोजे काढायला लावले तर खूश हो.

आता तुझ्या पत्रातली शेवटची ओळ. तू ती घाईत लिहिल्यासारखी लिहिलीस, पण माझा जीव तिथेच अडकला. लहानपणी दमा होता, फॉर्मवर ‘हो’ लिहिलं तर डॉक्टरांची सही मागतील, म्हणून ‘नाही’वर खूण करू का?

अजिबात नाही. मी इतकी पानं ‘नाही’ म्हणणारा शोध म्हणतोय आणि तू त्याच्या हातातून तो ‘नाही’ आधीच काढून घेणार? मीही २००८ मध्ये तेच केलं होतं. ह्यूस्टनमध्येच डाइव्हिंग समजणाऱ्या डॉक्टरकडे जा, तपासणी करून घे, सही घे, तीन प्रती सोबत ठेव. ऐन वेळी जहाजावरचा डॉक्टर ती सही देत बसणार नाही. आणि तपासून डॉक्टरच नको म्हणाले, तर स्नॉर्केल घालून वरून बघ. तुला वाईट वाटेल, मला माहीत आहे. मला लिही, मी उत्तर देईन.

विमानाचं तू विचारलंस. अनेक डाइव्ह झाले तर निदान १८ तास उडायचं नाही. तुझा कोझुमेलनंतर एक अख्खा दिवस समुद्रात आहे, तेव्हा विमानाची काळजी सोड.

वेळ मिळाला तर कपारींत स्प्लेंडिड टोडफिश हा मासा शोध. पट्टेरी तोंड, परांना पिवळी कड, दगडाखाली बसलेला असतो. कोझुमेलच्या बाहेर सहसा कुठे सापडत नाही. मला नऊ वर्षांत दोनदाच दिसला.

तुझा,
काका

ता.क. डॉक्टरांची वेळ घेतलीस की तारीख कळव. आणि दुकानांची उत्तरं आली की आहेत तशी मला पाठव, तारे मोजू नकोस.