एक कॉम्प्युटर, चार जण आणि एकच पासवर्ड

प्रश्न : नमस्कार सर, बार्शीजवळ आमचं खतं-बियाण्यांचं दुकान आहे. कॉम्प्युटर एकच, २०१६ सालचा, सिक्स्थ जनरेशनचा आय-थ्री, त्यावर विंडोज १० होम. मी, धाकटा भाऊ आणि काउंटरवरचा पोरगा त्यावर बसतो, शिवाय महिन्यातून दोनदा अकाउंटंट येतो. हिशोबाला टॅलीप्राइम सॉफ्टवेअर आहे, सिल्व्हर लायसनचं. कुणी कुणाची एन्ट्री बदलली ते कळत नाही आणि उधारीवरून भांडणं होतात. मित्र म्हणतो विंडोजऐवजी लिनक्स टाक, ते मल्टी-युजर असतं आणि फुकटय. कॉम्प्युटरवाला म्हणतो विंडोज सर्व्हर घ्या. काय करू?

उत्तर : मित्र आणि कॉम्प्युटरवाला, दोघंही मल्टी-युजरच म्हणतायत पण गोष्टी वेगळ्या आहेत. एक म्हणजे मशीन एकच, माणसं आळीपाळीने बसतात आणि प्रत्येकाचं लॉगिन वेगळं. दुसरी म्हणजे एका मशीनवर चार जण एकाच वेळी आपापल्या स्क्रीनवरून काम करतात. तुमच्याकडे खुर्चीच एक आहे, त्यामुळे सर्व्हर कशाला? त्यात नुसत्या विंडोजचे पैसे देऊन भागत नाही, प्रत्येक माणसामागे किंवा मशीनमागे वेगळं लायसन, रिमोटने डेस्कटॉप वापरायचा तर त्याचं अजून एक, आणि ते नाही घेतलं तर १२० दिवसांनी लोकांना आत घेणं बंद. काही जण साध्या विंडोजमध्येच फाइल बदलून एकाच वेळी दोघा-तिघांना आत घेतात, पण ते लायसनमध्ये बसत नाही आणि एखादा अपडेट आला की सकाळी गिऱ्हाईक दारात उभं असताना बंद पडतं. आणि तुमची टॅली सिल्व्हर आहे, ती एका वेळी एकालाच चालते, दोघांना एकदम बसायचं असेल तर गोल्ड घ्यावी लागेल, तीही दुसरा कॉम्प्युटर आल्यावर.

आता लिनक्स. मित्राचं अर्धं खरंय. युनिक्स नावाच्या ज्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या (ओएस) वळणावर लिनक्स गेलंय ते १९६९ पासूनचं, एका मोठ्या मशीनवर बऱ्याच जणांनी काम करायचं या हिशोबानेच वाढलेलं, त्यामुळे कुणाची फाइल कुणी उघडायची हे त्याच्या रक्तातच आहे. पण विंडोजमध्ये ते नाही असं नाही. विंडोज ९८ मध्ये पासवर्ड विचारला की एस्केप दाबून सरळ आत जाता यायचं, ते दिवस २००१ ला एक्सपी आल्यापासून संपले. खरी अडचण टॅलीची आहे, ती लिनक्सवर सरळ चालत नाही. वाइन नावाचं, विंडोजची सॉफ्टवेअर लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर वापरून चालवतात लोक, पण जीएसटी रिटर्न भरायच्या वीस तारखेला तुम्हाला तो खेळ नकोय. अकाउंटंट डिजिटल सहीचा टोकन (यूएसबीत लावायची छोटी कांडी) लावत असेल तर त्याच्या ड्रायव्हरचा घोळ वेगळाच. उद्या बिलिंग ब्राउझरमधल्या सॉफ्टवेअरवर नेलं तर मात्र लिनक्स मिंट हा लिनक्सचा एक प्रकार पेन ड्राइव्हवरून चालू करून बघा, काही इन्स्टॉल करावं लागत नाही, आणि प्रिंटरवर बिल निघतं का तेवढं आधी तपासा.

म्हणजे राहिलं विंडोजच. १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाला आणि ११ ला आय-थ्री एट्थ जनरेशनपासून पुढचा लागतो. "काहीतरी करून ११ टाकून देतो" म्हणणारे भेटतील, टाकतातही, पण पुढचे अपडेट येतीलच याची खात्री मायक्रोसॉफ्ट देत नाही. त्यापेक्षा सर्व्हरचे पैसे वाचवून एट्थ जनरेशनचं जुनं मशीन घ्या, ८ जीबी रॅम आणि एसएसडी. होम चालेल, वेगळी अकाउंट त्यातही होतात. बाहेरून रिमोट डेस्कटॉपने मशीनवर यायचं असेल तरच होमऐवजी विंडोजची प्रो आवृत्ती.

पण एक विचारतो, आत्ता चौघं एकाच नावाने लॉगिन करता ना? माझ्या मामांच्या हार्डवेअरच्या दुकानात पासवर्ड मॉनिटरवर चिकटवलेला होता, वरून कालनिर्णय लटकवलेलं. मार्चएंडला सिमेंटची एक एन्ट्री गायब झाली आणि दोघं पोरं एकमेकांकडे बोट दाखवत बसली, सिद्ध कसं करणार, लॉगिन तर सगळ्यांचं तेच. तिथे कुठलंही ओएस टाकलं असतं तरी तेच झालं असतं.

तर विंडोजमध्ये चौघांची चार स्टँडर्ड, म्हणजे सिस्टिममध्ये बदल करता न येणारी, अकाउंट करा आणि ॲडमिनिस्ट्रेटर पाचवं, रोजच्या कामाला न वापरायचं. टॅलीतही कंपनीला युजर ॲक्सेस चालू करून चार नावं द्या, काउंटरच्या पोराला जुनी व्हाउचर (झालेल्या एन्ट्री) बदलायची परवानगी नको. मग एडिट लॉग चालू करा, एन्ट्री कुणी कधी बदलली किंवा उडवली ते नावासकट दिसतं, सगळे एकाच नावाने आत असतील तर त्याचा उपयोग शून्य. टॅलीचा डेटा तुमच्या डेस्कटॉपवर नको, भावाला तो फोल्डर उघडणार नाही, डी ड्राइव्हवर ठेवून चौघांना त्यात लिहायची परवानगी द्या. पण मग तो फोल्डर चौघांपैकी कुणालाही डिलीट मारता येतो, म्हणून रोज दुकान बंद करताना पेन ड्राइव्हवर बॅकअप घ्या आणि तो घरी न्या. ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड कागदावर लिहून पाकिटात बंद करा आणि दुकानाच्या लायसनच्या फाइलमध्ये ठेवा, कॅलेंडरच्या मागे नको.