आगुआदुल्सेला निघण्याआधी

चि. …,
अनेक आशीर्वाद.

पनामातल्या आगुआदुल्सेवर लिहायचं ठरवलंयस, तर जानेवारी ते मार्चमध्येच जा. कोक्ले प्रांताच्या या किनारपट्टीला ‘आर्को सेको’, कोरडी कमान, म्हणतात. डिसेंबरअखेरीपासून एप्रिलपर्यंत पाऊस जवळपास नसतोच आणि मीठ-साखर दोन्ही तेव्हाच निघतात. नावात मात्र साखर शोधू नकोस. आगुआदुल्से म्हणजे आपलं गोडं पाणी, पिण्याचं.

आधी एल सालादोकडची मिठागरं बघ. बोमे हायड्रोमीटर, म्हणजे पाणी किती खारट-दाट आहे ते अंशांत मोजणारी काचनळी, जवळ ठेव. समुद्राचं पाणी ३.५ अंशांच्या आसपास भरतं. एकेका कोंडीत, म्हणजे उथळ वाफ्यात, ते आटत जातं, १३ अंशांच्या पुढे जिप्सम हा कॅल्शियमचा क्षार खाली बसतो आणि साधारण २५.५ अंशांना मीठ धरू लागतं. तोवर दहा घागरींतली एकच उरलेली असते. खरी चूक इथून पुढे होते. आणखी मीठ मिळेल म्हणून पाणी ३० अंशांच्या पुढे आटू दिलं, की मॅग्नेशियमचे क्षार मिठात उतरतात. ते मीठ कडवट लागतं, पोत्यात पाझरत राहतं. उरलेलं कडू पाणी २८-२९ अंशांनाच काढून टाकावं लागतं. वारा पडलेला असेल तर कडेला बसून नीट बघ: पाण्यावर उलट्या पिरॅमिडसारखे पोकळ स्फटिक तरंगतात आणि जड झाले की बुडतात.

सांता रोसा साखर कारखान्यात गाळप चालू असतानाच जा, परवानगी आधी काढून. तिथे उसाची तोडणीची वेळ विचार. २४ तासांत गाळला तर उत्तम. शिळ्या उसातली साखर फुटून ग्लुकोज-फ्रुक्टोज होतं, जिवाणूंमुळे रस तारेसारखा ओढला जातो आणि दाणा लांबट पडतो. पाण्यात कालवलेला चुना घालून रसाचा सामू (पीएच) ७च्या आसपास आणतात. चुना कमी पडला तर साखर फुटते, जास्त झाला तर रस काळवंडतो. पुढे पाक ६०-६५ ब्रिक्सपर्यंत (शंभर भागांत विरघळलेले ६०-६५ भाग, मुख्यतः साखर) आटवून निर्वात कढईत दाणा धरवतात. बॉयलरला जळण उसाच्या चिपाडाचंच.

चौकातलं मीठ-साखरेचं संग्रहालय शेवटी बघ. १९१७ साली याच गावात जन्मलेल्या कवयित्री स्तेला सिएर्रा यांचं नाव त्याला आहे. आधी मिठागर आणि कारखाना पाहिलास, तर तिथली अवजारं हातात धरल्यासारखी कळतील.

अवेळी पावसाची सर आली तर त्या दिवशी मिठागरावरच थांब. कोंडीतला अंश तासागणिक मोजून वहीत लिही.