राजगडाचा लेख: थोडं मांडणीबद्दल

माहिती पक्की आहे तुझी, पण सगळा मजकूर एकाच परिच्छेदात कोंबलायस. मोबाइलवर वाचणारा तिथेच पळतो. इतिहास नंतर, आधी वाट सांग. गुंजवणे गावातून चोर दरवाजाची वाट अवघड, पाली दरवाजाच्या वाटेला पायऱ्या. उपशीर्षक 'पाणी कुठे मिळेल' असं सरळ दे, 'जलवैभव' कशाला?

ओळींमधलं अंतर जरा वाढव, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो. ठळक टाइप जपून वापर, जोडाक्षरं बुजतात. तिरका तर देवनागरीला शोभतच नाही (माझं मत!). आणि हो, श्रीलिपीच्या (मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर) जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये (सगळ्या मोबाइल-संगणकांना कळणारी अक्षरांची पद्धत) बदलल्याशिवाय चिकटवू नकोस, वाचणाऱ्याला नुसती अगम्य चिन्हं दिसतात. फोटो त्या त्या टप्प्याजवळच टाक, शेवटी ढीग नको.