फाईल आणणं सोपं, परत ठेवणं हे खरं काम

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इतिहासात एम.ए. झालंय, सरकारी अभिलेखागारात कागदपत्रं काढून देणं आणि वाचनकक्ष सांभाळणं या कामाची जागा मिळतेय, पण सगळे म्हणतायत की ही नुसती ने-आण, यात शिक्षण वाया जाईल. घ्यावी का, आत नेमकं काम काय असतं, आणि पुढे बढतीचं काय?

घ्या. मी २२ वर्षं हेच काम केलंय, त्यातली पहिली ९ भांडारात आणि पुढची वाचनकक्षाच्या टेबलावर. ने-आण असते हे मात्र आधीच सांगते, म्हणजे पहिल्या महिन्यात धक्का बसणार नाही. दिवसभर पायांवर असता. बांधीव रजिस्टरं दहा-बारा किलोंची असतात आणि बरोबर ती नेमकी सगळ्यात वरच्या फळीवर ठेवलेली असतात. रजिस्टर काढताना कण्याच्या वरच्या टोकात बोट अडकवून कधीही ओढू नका, तिथूनच ते फाटतं. शेजारची दोन थोडी आत ढकलायची, मधल्याच्या दोन्ही बाजू मोकळ्या झाल्या की पंजात धरून बाहेर घ्यायचं. सरकते रॅक असतील तर चाक फिरवण्याआधी हाक मारायची आणि स्वतः वाकून आत बघायचं. बुरशी दिसली तर खोकं तिथेच बंद करून संवर्धन विभागाला कळवायचं, वाचकाला द्यायचं नाही. मास्क खिशात ठेवा, धुळीचा त्रास पाचव्या वर्षी कळतो आणि तोवर उशीर झालेला असतो.

आता मुख्य मुद्दा. सगळे आणण्याबद्दल बोलतात. मला विचाराल तर या कामाचा कस परत ठेवताना लागतो. लाखो फाईलींमध्ये एखादी फाईल 'आहे' याचा अर्थ एवढाच, की तिच्या क्रमांकाच्या जागी हात घातला तर ती हाताला लागते. दोन फळ्या पलीकडे गेली, तर चोरी न होता, न जळता ती नाहीशी झाली.

माझ्या तिसऱ्या वर्षातली गोष्ट. एका संशोधकाने ६१४ क्रमांकाची फाईल मागितली. खोक्यात ६१३ नंतर थेट ६१५. शेजारची खोकी बघितली, काही नाही. 'जागेवर नाही' असा शेरा मारून मागणीची चिठ्ठी परत पाठवली. ते गृहस्थ रजा काढून लांबून आले होते. दोन महिन्यांनी पुन्हा आले, पुन्हा तोच शेरा. चार महिन्यांनी दुसऱ्याच कुणी ६४१ मागितली आणि त्या जागी दोन फाईली निघाल्या, आत दडलेली ६१४. मी जुन्या परतीच्या चिठ्ठ्या काढल्या. ६१४ शेवटची परत ठेवली त्या चिठ्ठीवर सही माझी होती. तोवर त्या संशोधकांनी त्यांचं ते प्रकरण त्या फाईलीशिवाय लिहून सादर केलं होतं. मी फोन करून सांगितलं. ते रागावले नाहीत, "आता सापडली ना, पुढच्याला मिळेल" म्हणाले. त्या दिवसापासून मी क्रमांक मोठ्याने म्हणत फाईल ठेवते, एकेक आकडा सुटा: सहा, एक, चार. नवीन आलेल्या प्रत्येकाला तसंच करायला लावलं.

म्हणूनच चिठ्ठीची शिस्त. फाईल काढली की तिची जागा रिकामी सोडायची नाही. कुठे पुठ्ठ्याची पट्टी लावतात, कुठे मागणीपत्राची एक प्रत, कुठे बारकोड वाचून संगणकात नोंद करतात. पद्धत कुठलीही असो, त्या पोकळीत कोणी, कधी, कुणासाठी नेली हे दिसलं पाहिजे. आणि फाईल हरवलीच, तर अंदाधुंद शोधू नका. आधी आकड्यांची अदलाबदल करून बघा, मग वरची-खालची फळी, मग त्याच दिवशी त्याच वाचकाने मागितलेल्या बाकीच्या फाईलींच्या आत, मग फोटोकॉपी आणि स्कॅनिंगचं टेबल. हरवलेल्या बहुतेक फाईली मला याच चार ठिकाणी सापडल्या.

वाचकाला एका वेळी एकच फाईल का देतात, यावरून रोज वाद होतात. चोरीची भीती हे अर्धं कारण. उरलेलं अर्धं हे, की दोन उघड्या फाईलींतली सुटी पानं एकमेकांत गेली तर ती कुणालाच ओळखता येत नाहीत. गठ्ठ्यातल्या कागदांचा क्रमही पुरावा असतो. अर्ज आधी की हुकूम आधी, शेरा कुणी पाहिल्यावर मारला, हे क्रमावरून कळतं. एखाद्या नीटनेटक्या वाचकाने तारखेप्रमाणे कागद 'लावून' दिले की माझ्या पोटात गोळा येतो. देताना पानं मोजा, घेताना पुन्हा मोजा, वाचकासमोर मोजा, आणि त्यात संशय नाही, पद्धत आहे, हे हसून सांगा.

आता वाचनकक्षाच्या टेबलाकडे येते. तुमचं एम.ए. इथे कामी येईल. माणसं येतात ती नाव घेऊन आणि अभिलेखागार नावाने लावलेलं नसतं. ते कार्यालयाप्रमाणे लावलेलं असतं: कागद कुठल्या खात्यात, कुठल्या कामासाठी जन्मला, त्याप्रमाणे. फ्रान्सच्या गृहखात्याने १८४१ साली परिपत्रक काढून सांगितलं की एका संस्थेचे कागद एकत्र ठेवायचे, ते विषयवार विस्कटून दुसऱ्यांच्या कागदांत मिसळायचे नाहीत. नंतर १८९८ च्या डच नियमपुस्तकाने ते आणखी पक्कं केलं आणि आज जगभर तीच रीत आहे. त्यामुळे टेबलावरच्या माणसाचं काम उत्तर देण्याचं कमी आणि प्रश्न फिरवून देण्याचं जास्त.

एक वयस्क बाई आल्या होत्या. "माझ्या वडिलांची फाईल हवी." नाव सांगितलं, सूचीत कुठेच नाही. माझा शेजारचा सहकारी "नाही मिळणार" म्हणून मोकळा होत होता. मी त्यांना बसवलं आणि विचारलं, वडिलांचा सरकारशी कधी काय संबंध आला? नोकरी? खटला? जमीन? बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून त्या म्हणाल्या, आमचं शेत धरणात गेलं. झालं, तिथून रस्ता सापडला. भूसंपादन कोणत्या कार्यालयाने केलं, साधारण कोणतं साल, गाव कोणतं, मोबदला वाटल्याचं रजिस्टर. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या रजिस्टरात वडिलांचं नाव निघालं, पुढे रक्कम आणि अंगठा. बाईंनी आपला अंगठा त्या ठशाच्या बोटभर वर धरला, कागदाला न लावता, आणि तसाच धरून बसल्या. मी 'हात लावू नका' असं बोललेही नव्हते. हा अर्धा तास कुठल्याही संगणकाच्या शोधपट्टीत होत नाही. म्हणून "आता सगळं ऑनलाईन आहे" असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नका. स्कॅन झालेला भाग थोडा असतो आणि तो बघून माणसं उरलेला मागायला येतात.

सूचीबद्दल एक सांगते, कारण नवीन लोक तिला कंटाळवाणी समजतात. १९२२ च्या जूनअखेर डब्लिनमध्ये यादवी युद्धाच्या सुरुवातीलाच फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारातलं आयर्लंडचं सार्वजनिक अभिलेखागार जळालं. कागद ठेवायची भांडाराची इमारत गेली, शतकानुशतकांची दप्तरं गेली. शेजारची वाचनकक्षाची इमारत बरीचशी वाचली, आणि तिच्यासोबत तिथल्या सूच्या आणि त्या वेळी भांडाराबाहेर असलेले थोडे कागद. तिथल्याच हर्बर्ट वूड यांनी १९१९ मध्ये अख्ख्या संग्रहाची छापील मार्गदर्शिका काढली होती. काय काय गेलं हे आज सांगता येतं ते अशा सूच्यांमुळे, आणि प्रती इतरत्र कुठे असतील याचा शोधही त्यांच्याच आधाराने घेतला जातो. फावल्या वेळात मोबाईल न बघता सूची वाचा, पहिलं वर्षभर रोज दोन पानं.

हाताळणीचं प्रशिक्षण तुम्हाला मिळेलच, पण पांढऱ्या हातमोज्यांचा गैरसमज आधीच काढून टाका. कागदासाठी स्वच्छ धुतलेले, कोरडे हात चांगले. सुती मोज्यात बोटाला पानाची कड कळत नाही आणि पान फाटतं. फोटो आणि निगेटिव्हला मात्र मोजे हवेतच. टेबलावर फक्त पेन्सिल. मायफळ आणि हिराकसाची जुनी शाई कागद खाते, अक्षराच्या रेषेवरच कागद तडकतो, त्यामुळे असं पान घडीवर उलट दुमडायचं नाही. थंड कोठीतली फिल्म मागितली तर "उद्या मिळेल" म्हणा. ती हळूहळू खोलीच्या तापमानाला यावी लागते, नाहीतर बाष्प धरतं.

सगळ्यात अवघड काम नाही म्हणण्याचं. रुग्णालयाची, दत्तकविधानाची, पोलिसांची कागदपत्रं ठरावीक मुदतीपर्यंत बंद असतात. फाईल बंद असेल तर 'बंद आहे' असंच सांगा. 'सापडत नाही' असं सांगून सुटका करून घेऊ नका, ते खोटं आहे, आणि त्या माणसाचा अर्ज करायचा हक्क त्याने बुडतो. मुदत केव्हा संपते, अर्ज कुणाकडे करायचा, हे लिहून हातात द्या. आणि उघडी असलेली फाईलसुद्धा कधी कुणाला मोडून टाकते. वेड्यांच्या इस्पितळातली आजीची नोंद वाचून रडणारे नातू मी पाहिलेत. अशा वेळी टेबलावरून फाईल ओढून घेऊ नका, वेळ संपत आली असली तरी दहा मिनिटं द्या. कोण काय मागतो हे दुसऱ्या वाचकाला सांगायचं नाही, प्राध्यापकालाही नाही. चिठ्ठ्यांचा क्रम जो लागला तोच, मोठ्या माणसाची चिठ्ठी वर काढायची नाही.

बढतीचं विचारलंत: अभिलेख व्यवस्थापनाची पदविका नोकरी करता करता करा, बऱ्याच ठिकाणी वरच्या जागेसाठी ती मागतात. जुनी लिपी येत असेल, मोडी असो की दुसरी कुठली, तर अर्जात ठळक लिहा.

रुजू झालात की पहिल्या आठवड्यात टेबलावर बसायची घाई करू नका. संध्याकाळी परत आलेल्या फाईलींची ढकलगाडी भरलेली असते. ती मागून घ्या, भांडारातल्या जुन्या माणसाबरोबर एकेक फाईल जागेवर ठेवा, आणि रॅकचे क्रमांक डावीकडून सुरू होतात की दारापासून, हे त्याला विचारून घ्या. आमच्याकडे दोन दालनांत ते उलटसुलट होते आणि कुठेही लिहिलेलं नव्हतं.