वाचक विचारतात: बॅटरीवर चालणाऱ्या सर्जिकल स्टेपलरची मोटर थांबते कशी?

प्रश्न (खानापूरहून एक ताई): आमच्या सासऱ्यांचं मोठ्या आतड्याचं ऑपरेशन बेळगावात झालं. डॉक्टर सांगितले की टाके हातानं घातलो नाही, बॅटरीच्या मशीननं पिना मारलोय. घरात सगळे घाबरून बसलेत. बॅटरीचा काय भाग पोटात राहतो काय? पिना गंजणार नाहीत न्हवं?

ताई, बॅटरी, मोटर, हँडल यातलं काहीच पोटात राहत नाही, ते सगळं सर्जनच्या हातात बाहेर असतं, फक्त लांब दांडा आणि पुढचे दोन जबडे आत जातात आणि काम झालं की तेही बाहेर येतात. आत राहते ती फक्त पिनांची ओळ. त्या पिना बहुतेक टायटॅनियमच्या असतात, गंजत नाहीत, आणि सहसा एमआरआयलाही अडत नाहीत, तरी एमआरआय करायची वेळ आली तर आधी सांगून ठेवा. पिन बंद झाल्यावर तिचा आकार इंग्रजी बी अक्षरासारखा होतो, त्या आकारामुळं कापलेली कडा घट्ट धरली जाते पण बारीक रक्तवाहिन्यांतून कडेला रक्त पोचत राहतं, आणि रक्त पोचलं तरच जखम भरते.

मशीननं टाके घालणं ही काय कालपरवाची गोष्ट नाही. बुडापेस्टच्या ह्युमेर ह्युल्टल या सर्जननं १९०८ साली पहिला स्टेपलर वापरला, त्याचं वजन साडेतीन किलोच्या वर होतं आणि तो जोडायलाच दोनेक तास लागायचे. पुढं १९५० च्या दशकात सोव्हिएत रशियात यावर मोठं काम झालं, १९५८ मध्ये मार्क रॅव्हिच हे अमेरिकन सर्जन तिकडं जाऊन ते बघून आले आणि १९६० च्या दशकात अमेरिकेत कारखाने सुरू झाले. मोटर आणि बॅटरी आली ती त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. म्हणजे पिनांची पद्धत जुनीच आहे, नवीन आहे ती दाबणारी ताकद.

तुम्ही घरी लक्ष ठेवायचं ते वेगळ्याच गोष्टीवर. आतड्याच्या ऑपरेशननंतर पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत ताप, वाढत जाणारं पोटदुखणं, पोट फुगणं, नाडी जोरात चालणं यातलं काही दिसलं तर सकाळची वाट बघू नका, तडक हॉस्पिटल गाठा. आतड्याचा जोड हातानं शिवलेला असो की मशीननं, गळती दोन्हीकडं होऊ शकते. आणि डिस्चार्जच्या कागदांबरोबर कार्ट्रिजचा (पिना भरलेल्या डबीचा) लॉट नंबर असलेलं स्टिकर मिळतं का विचारा, मिळालं तर फाइलमध्ये जपून ठेवा.

प्रश्न (उद्यमबागेतला एक सीएनसी ऑपरेटर): आमच्या मशीनला लिमिट स्विच हाय, सर्वो अलार्म हाय, टूल अडकलं की मशीन थांबतंय. आतडं धरलेल्या मोटरला कुठं थांबायचं ते कसं कळतंय? ताकद जास्त झाली तर?

दादा, तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवलंय, या यंत्राचा सगळा कस तिथंच लागतो म्हणून जरा सविस्तर सांगतो.

दोन जबड्यांपैकी एकात पिनांनी भरलेलं कार्ट्रिज बसतं, साधारण ३०, ४५ किंवा ६० मिलिमीटर लांबीचं, आणि समोरच्या जबड्यावर बारीक खळगे असतात. जबडे आतड्यावर बंद झाले की मोटर फिरते, गिअरमधून वेग कमी होऊन जोर वाढतो आणि एक दांडी पुढं सरकते. त्या दांडीपुढं उतार असलेला एक छोटा तुकडा असतो, तो जाईल तसतशा पिना वर ढकलल्या जातात, समोरच्या खळग्यात वळतात, आणि त्याच्या पाठोपाठ सुरी येते. सुरीच्या दोन्ही बाजूंना बहुतेक मॉडेलमध्ये तीन-तीन ओळी पिना. आधी पिना आणि मागून सुरी हा क्रम धातूच्या भागांतच पक्का केलेला असतो, तो सॉफ्टवेअरच्या हातात दिलेला नाही, आणि माझ्या मते या यंत्रातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट हीच आहे.

आता थांबण्याचं. डीसी मोटर जितका जोर लावते तितका करंट ओढते हे तुम्हाला सांगायला नको. म्हणजे करंट मोजला की जोर कळला, आणि एन्कोडरवरून, म्हणजे मोटर किती फिरली ते मोजणाऱ्या भागावरून, सुरी किती मिलिमीटर पुढं गेली ते कळलं. हे दोन आकडे एकत्र वाचले तरच त्यांना अर्थ येतो. ६० च्या कार्ट्रिजमध्ये शेवटाला पोचल्यावर करंट चढला तर सुरीचा स्ट्रोक (पूर्ण प्रवास) झाला, मोटर बंद. तोच करंट २० मिलिमीटरवरच चढला तर काहीतरी बिघडलंय, आतडं फार जाड आहे नाहीतर वाटेत जुनी धातूची क्लिप आलीय. तुमच्या स्क्रीनवर सर्वो लोड टक्क्यात दिसतो आणि कुठल्या पोझिशनला लोड चढला त्यावरून तुम्ही इन्सर्ट (कापणारं टोक) गेलं की मटेरियल कडक लागलं ते ओळखता, तसाच हा हिशोब, फरक इतकाच की तुमच्याकडं जॉब बिघडला तर दुसरा लावता येतो.

दुसरी गोष्ट वेगाची. आतड्याच्या भिंतीत पाणी भरपूर असतं, दाबल्यावर ते हळूहळू बाजूला सरकतं आणि भिंत पातळ होत जाते. म्हणून जबडा बंद केल्यावर फायर करायच्या, म्हणजे पिना आणि सुरी चालवायच्या, आधी साधारण १५ सेकंद थांबा असं कंपन्या सांगतात. सुरी घाईनं पुढं गेली तर पाण्याला सरकायला वेळ मिळत नाही, जोर वाढतो आणि पिना नीट वळत नाहीत. एकाच वेगानं पुढं जाणारी मोटर हे जाणत नाही. नव्या मॉडेलमध्ये यावर काम झालंय, मेडट्रॉनिकचा सिग्निया जोर मोजून फायरिंगचा वेग कमी करतो, दा विंची या ऑपरेशनच्या रोबोवरचा शुअरफॉर्म स्टेपलर फायर करतानाच सेकंदाला हजारच्या वर मोजमापं घेतो असं कंपनी सांगते आणि गरज पडेल तशी मधे विश्रांती घेतो.

मोटरच्या बाजूनं मी ठामपणे बोलेन. हातानं दाबायच्या स्टेपलरला जोर बराच लागतो, बोटं लहान असलेल्या सर्जनला तर फारच, आणि जोर लावताना पुढचं टोक हलतं. टोक हललं की आतडं ओढलं जातं. मोटर हा जोर आपल्याकडं घेते आणि टोक स्थिर राहतं, हा फायदा खरा आहे. पण हाताला जो अडथळा जाणवायचा तोही मोटरच गिळून टाकते, पूर्वी क्लिपवर सुरी आली की हाताला लगेच कळायचं. म्हणून मोटर बसवणाऱ्यानं ती जाणीव सर्जनला परत दिलीच पाहिजे, आवाजातून, दिव्यातून, कमी होणाऱ्या वेगातून, कशातूनही. ज्यात ते नाही ते डिझाइन मला अपुरं वाटतं.

आणि ताकद जास्त झाली तर? त्यासाठी एकावर एक अडसर ठेवायचे असतात. ट्रिगर दाबलेला असेपर्यंतच मोटर चालते, बोट काढलं की थांबते. त्याआधी सेफ्टी लॉक वेगळं काढावं लागतं, म्हणजे चुकून धक्का लागून फायर होत नाही. करंटची मर्यादा सॉफ्टवेअरमध्ये असते, पण चांगल्या डिझाइनमध्ये एक वेगळं सर्किटही असतं जे प्रोसेसर अडकून पडला तरी करंट तोडतं, आणि प्रोसेसरवर वॉचडॉग टायमर असतो, ठराविक वेळात प्रोसेसरकडून सिग्नल आला नाही की मोटर बंद. विजेवर चालणाऱ्या वैद्यकीय उपकरणांच्या आयईसी ६०६०१-१ या स्टँडर्डचा गाभाच असा आहे की कुठलाही एक भाग बिघडला तरी पेशंटला धोका होता कामा नये. सॉफ्टवेअरसाठी आयईसी ६२३०४ आणि जोखमीच्या हिशोबासाठी आयएसओ १४९७१.

प्रश्न (निपाणीहून ओटीत काम करणाऱ्या एक सिस्टर): फायर चालू असताना मध्येच मोटर बंद पडली तर आम्ही काय करायचं? ट्रेनिंगमध्ये हे घाईघाईत सांगून सोडतात.

सिस्टर, हा प्रश्न प्रत्येक ओटीत विचारला गेला पाहिजे. पंखा, ग्राइंडर, पंप यांना बंद करणं म्हणजे सुरक्षित करणं, पण स्टेपलर तसा नाही. सुरी निम्म्यावर असताना मोटर थांबली तर अर्ध्या आतड्याला पिना बसल्यात, अर्ध्याला नाहीत, आणि जबडे घट्ट बंद, कारण सुरी मागं आल्याशिवाय ते उघडत नाहीत. इथं नुसतं थांबून भागत नाही, मागं यायला वाट असावी लागते. म्हणूनच मोटर उलटी फिरवून सुरी परत आणायची सोय असते, आणि बॅटरीच गेली तर हँडलवरचं झाकण काढून आतल्या लिव्हरनं हातानं सुरी मागं आणायची. हा लिव्हर कुठं आहे, कुठल्या बाजूला ओढायचा, हे प्रत्येक मॉडेलचं वेगळं असतं. तो एकदा वापरला की बऱ्याच मॉडेलमध्ये ते हँडल परत चालत नाही, मुद्दामच तसं केलेलं असतं, त्यामुळं दुसरं हँडल नाहीतर हातानं शिवायची तयारी टेबलाजवळ हवी. कंपनीचा माणूस डेमोला येईल तेव्हा त्याला सांगा की बॅटरी काढून दाखव आणि मग आमच्या हातानं सुरी मागं आणू दे.

दुसरं, कार्ट्रिज. वापरून संपलेलं कार्ट्रिज तसंच राहिलं आणि फायर झालं तर सुरी कापेल आणि पिना बसणारच नाहीत, याहून वाईट काही नाही. ते अडवायला जबड्यात लॉकआउट असतो. तो अडला की जोर लावून पुढं ढकलायचं नाही, बाहेर काढून कार्ट्रिज बघायचं. कार्ट्रिजचा रंग मोठ्यानं म्हणून सर्जनच्या हातात देता ती सवय फार चांगली आहे. साधारण पांढरं पातळ आणि रक्तवाहिन्यांच्या कामाला, त्यातली पिन अडीच मिलिमीटरच्या आसपास आणि बंद झाल्यावर एक, निळं साडेतीनच्या आसपास आणि बंद झाल्यावर दीड, हिरवं जाड भिंतीसाठी, चारच्या वर आणि बंद झाल्यावर दोन. कंपनी बदलली की आकडे थोडे बदलतात, म्हणून पाकिटावरचं वाचायचंच. चुकीच्या रंगाचं कार्ट्रिज कितीही हुशार मोटरला पूर्ण सुधारता येत नाही.

प्रश्न (चिकोडी भागातला एक हॉस्पिटल टेक्निशियन): एकदाच वापरायचं हँडल फेकायला जीव होत नाही, महाग असतं. सेल बदलून, धुऊन परत चालवता येईल काय? मोटर तर चांगलीच असते.

नाही. मोटर चांगली असते हे खरं, पण बाकीचं बघा. दांड्याच्या आत, गिअरमध्ये, सुरीच्या वाटेत रक्त शिरतं आणि ते भाग उघडून धुण्यासाठी बनवलेलेच नाहीत. ऑटोक्लेव्हच्या (वाफेनं निर्जंतुक करायच्या मशीनच्या) १२१ किंवा १३४ डिग्रीला लिथियम सेल आणि सर्किट टिकत नाही. सुरीची धार जाते, धार गेली की तेच कापायला जोर जास्त लागतो आणि मग करंटवरून आतड्याची जाडी ओळखायचा सगळा हिशोबच खोटा पडतो. बाजारातले दुसरे सेल घातले तर लोडवर व्होल्टेज किती पडेल त्याचा भरवसा नाही, आणि ते पडलं तर वर सिस्टरना सांगितलं तेच होणार, मध्येच मोटर बंद.

खर्चाची अडचण मला पूर्ण कळते, आपल्याकडं गावाकडून येणारा पेशंट बिल भरताना शेत गहाण टाकतो. त्यावर उपाय म्हणजे परत परत वापरायला बनवलेली हँडलं घेणं, त्यात पॉवरचं हँडल निर्जंतुक कव्हरच्या आत बसतं आणि पेशंटच्या अंगाला लागणारा भागच बदलतात. किंवा सरळ हातानं दाबायचा स्टेपलर, किंवा सुई-दोरा. हातानं नीट शिवलेला जोड कमी दर्जाचा नसतो.

प्रश्न (गोकाकहून एक वाचक): अमेरिकेत या स्टेपलरमुळं माणसं गेली असं वाचलो. मग आपल्याकडं हे चालवायला परवानगी कशी?

आकडे खरे आहेत पण नीट वाचायला हवेत. अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, मार्च २०१९ मध्ये डॉक्टरांना पत्र काढलं, त्यात २०११ पासून मार्च २०१८ पर्यंत शरीराच्या आत वापरायच्या स्टेपलर आणि पिनांबद्दल ४१,००० च्या वर तक्रारी आल्याचं सांगितलं, त्यात ३६६ मृत्यू आणि ९,००० च्या वर गंभीर इजा. हे आकडे हाताच्या आणि मोटरच्या, दोन्ही प्रकारच्या स्टेपलरचे आहेत, आणि तक्रार आली म्हणजे मृत्यू स्टेपलरमुळंच झाला असं सिद्ध होत नाही. पण तक्रारी कसल्या होत्या बघा: पिनांची ओळ उघडणं, पिना नीट न वळणं, फायर न होणं, चुकीच्या मापाची पिन. ऑक्टोबर २०२१ मध्ये एफडीएनं हे स्टेपलर सगळ्यात कमी जोखमीच्या पहिल्या वर्गातून काढून दुसऱ्या वर्गात टाकले. इतकी वर्षं ते पहिल्या वर्गात होते हेच मला धक्कादायक वाटतं.

आपल्याकडं २०१७ चे मेडिकल डिव्हाइस नियम आहेत, जोखमीप्रमाणे ए ते डी असे वर्ग. आणि उपकरणांच्या तक्रारीसाठी जुलै २०१५ पासून मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम चालू आहे, गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडून. डॉक्टर, नर्स, टेक्निशियन, पेशंटचे नातेवाईक, कोणीही कळवू शकतं. स्टेपलर अडकला, पेशंट वाचला, सगळे सुटकेचा श्वास टाकून घरी गेले, तरी ती घटना कळवायची आणि ते हँडल फेकायचं नाही, पिशवीत बंद करून लॉट नंबरसकट ठेवायचं.

प्रश्न (बेळगावातला इंजिनिअरिंगचा विद्यार्थी): फायनल इयर प्रोजेक्टला असंच काहीतरी करूया म्हणून ठरवूलालोय. कुठनं सुरू करू?

स्टेपलर बनवू नको, त्याच्या मोटरचा कंट्रोल बनव. एक छोटी गिअर मोटर, लीड स्क्रू, एन्कोडर, दोन लिमिट स्विच, करंट सेन्सर. समोर स्पंजच्या वेगवेगळ्या जाडीच्या पट्ट्या दाबायच्या आणि जागेसमोर करंटचा आलेख काढायचा. पहिली अडचण सुरुवातीलाच येईल, मोटर चालू होताना क्षणभर खूप करंट ओढते, तेवढ्यावरच तुझी मर्यादा ट्रिप होईल, म्हणून सुरुवातीचे काही मिलिसेकंद सोडून मोजायला लाग, पण तेवढ्या वेळेत खरंच काही अडकलं तर ते पकडायला कंपॅरेटरवर (दोन व्होल्टेजची तुलना करणाऱ्या सर्किटवर) वेगळी मोठी मर्यादा हार्डवेअरमध्ये ठेव. मग एकेक बिघाड मुद्दाम घडव: एन्कोडरची वायर काढ, बॅटरी अर्धी उतरलेली लाव, प्रोग्रॅम लूपमध्ये अडकव, स्क्रूच्या वाटेत खिळा ठेव. प्रत्येक वेळी मोटर कुठं थांबली आणि तिथून मागं आली का ते वहीत लिही, रिपोर्टमध्ये तोच तक्ता सगळ्यात पुढं लाव.