गरजेच्या वस्तूंवरचा टॅक्स काढला की झालं, असं नाहीये

तुमचा प्रश्न असा की श्रीमंतांवर टॅक्स वाढवा, गरजेच्या वस्तूंवरचा काढा, झालं न्याय्य, मग अर्थशास्त्रवाले एवढा घोळ का घालतात. श्रीमंतांचं बाजूला ठेवू, बहुतेक जण फसतात ते दुसऱ्या भागात.

खाण्यापिण्यावरचा टॅक्स काढला की गरिबाला दिलासा मिळतो, खरंय. पण पैसेवाला खाण्यावर एकूण खर्च जास्तच करतो, कमाईच्या मानाने तो कमी असतो एवढंच, त्यामुळे सवलतीतला मोठा वाटा त्याच्याच खिशात जातो. त्यापेक्षा सगळ्यावर एकच दर लावा आणि जमलेल्या पैशातून गरिबाला थेट मदत द्या, स्वस्त पडतं. न्यूझीलंडने १९८६ मध्ये साधारण हेच केलं, १० टक्के जीएसटी अगदी खाण्यासकट, आणि त्याच वेळी इन्कम टॅक्सचा वरचा दर ६६ वरून ४८ वर आणला, कमी उत्पन्नवाल्यांची मदत वाढवली. अर्थात मदत खरंच पोचत असेल तर. गरीब कोण हेच सरकारला माहीत नसेल तर सूट ओबडधोबड असली तरी बरी, असं माझं मत.

आता थेट मदतीतली मेख. इंग्लंडमध्ये १६९६ पासून १८५१ पर्यंत खिडक्यांवर टॅक्स होता. १७४७ च्या नियमात ९ खिडक्यांपर्यंत खिडकीमागे काही नाही, पण १० झाल्या की दहाच्या दहा खिडक्यांवर ६ पेन्स, म्हणजे एका जादा खिडकीचे ६० पेन्स! मग काय, लोकांनी खिडक्या बुजवल्या, ९ खिडक्यांची घरं ढिगाने. सरकारला दमडी नाही आणि घरात अंधार.

मदतीचंही तसंच होतं. समजा कमाई १०० ने वाढली, त्यावर २० टॅक्स गेला आणि मदत ६० ने कापली, हातात उरले २०. म्हणजे त्या गरीब माणसावर खरा दर ८० टक्के, तो कशाला जास्त राबेल? बरं, मदत हळूहळू कापावी तर ती मधल्या लोकांपर्यंत जाते, खर्च फुगतो आणि सगळ्यांचेच दर वाढवावे लागतात. आणि दर दुप्पट केला की वाया जाणारं, म्हणजे बुजवलेल्या खिडक्यांसारखं कुणाच्याच हाती न लागणारं नुकसान, साधारण चौपट होतं, दुप्पट नाही. ही ओढाताण गणितात बसवली ब्रिटिश अर्थतज्ज्ञ जेम्स मिरलीस यांनी, १९७१ मध्ये, १९९६ चं नोबेल त्यांना मिळालं ते मुख्यतः ह्याच कामासाठी.

म्हणून कुठलीही नवी टॅक्स योजना आली की मी आधी वरचा दर बघत नाही, तळातल्या माणसाने १०० जास्त कमावले तर त्याला किती उरतात ते मांडून बघतो.